मागचा आवाज

वणीच्या कोळसा डेपोवर मी तपासणीसाठी कोळशाचे नमुने न्यायला जायचो. तिथल्या टिनाच्या खोलीत बसून ट्रकवाल्यांशी वायरलेसवर बोलणारे एक म्हातारे गृहस्थ होते. नाव कधी विचारलं नाही. सगळे त्यांना काकाच म्हणत.

टेबलावर दोन सेट असायचे. नवा तळहाताएवढा. जुना चांगला लोखंडी डब्याएवढा आणि सारखा खरखरणारा. जुन्या गाड्यांमध्ये अजून तसलेच होते.

"हा बदलून का घेत नाही, काका?" मी एकदा विचारलं.

खांद्यावरच्या दुपट्ट्यानं जुन्या सेटवरची कोळशाची भुकटी पुसत ते म्हणाले, "नव्यात बोलनं साफ येते, पन मांगचा आवाज तो खाऊन टाकते. याच्यात बोलनाऱ्यासंग गाडीबी ऐकू येते."

तेवढ्यात जुन्या सेटवर एक ड्रायव्हर बोलला, "सब ठीक हाय, काका. येऊन राह्यलो." काकांनी मान तिरपी करून ऐकलं, मग बटण दाबलं.

"काही ठीक नाही. पंख्याचा पट्टा चिरकून राह्यला तुया गाडीचा. बाजूले लाव, कसून घे, मंग ये."

"मले तं नाही ऐकू आला!"

"पयले ते गानं बंद कर."

तिकडून हसू आलं. काका समाधानानं चहा प्यायले.

हल्ली आई फोनवर "बरी आहे" म्हणाली, तरी मी लगेच फोन ठेवत नाही. मागे तिची भांडी वाजताना ऐकू आली, की मग ठेवतो.