दादाने उलटं जोडलेलं हँडल

माझा मोठा भाऊ राजाराम. आम्ही त्याला दादा म्हणतो. एके काळी जोगेश्वरीत कुठल्याही दुकानातली व्हिडिओ गेमची मशीन बंद पडली की त्यालाच बोलावणं यायचं. ती दुकानं आता गेली. पण हल्ली चांगल्या नोकरीतल्या पोरांना नवीन खूळ लागलंय, हॉलमध्ये ती उभी मशीन ठेवायची आणि लहानपणीचे गेम खेळायचे. जुने बोर्ड मिळतात, पण जोडता येत नाहीत, मग दादाला फोन येतो. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की हा विषय बदलतो. म्हणून बॅटरी धरायला आणि वायरीचा रंग सांगायला मी सोबत जाते. मी सुगंधा. माझं तोंड फार चालतं, हे दादा गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवतो.

दसरा झाल्यावर आम्ही मुलुंडला गेलो, यज्ञेश नावाच्या मुलाकडे. मुलगा गोड होता, दारातच पाया पडला. मशीन सोफ्याशेजारी उभी, आत मारामारीच्या जुन्या गेमचा बोर्ड लावलेला.

"काका, बघा ना," तो म्हणाला, "लेफ्ट दाबलं की गडी राइटला जातो. बाकीचे बोर्ड याच मशीनवर बरोबर चालतात. हा एकटाच वेडा आहे."

दादाचा हात हँडलवरच थांबला. का थांबला ते मलाही कळलं.

आता हे सांगायलाच हवं. बोर्डाच्या एका कडेला चकचकीत दात असतात, ती कड मशीनमधल्या सॉकेटात दाबून बसवायची. कुठल्या दाताला करंट, कुठल्याला पडदा, कुठल्याला हँडल, हे ठरलेलं असतं. म्हणून एकाचा बोर्ड दुसऱ्याच्या मशीनमध्ये चालतो, आणि म्हणूनच त्या काळी बोर्ड चोरीला जायचे. त्यावर दादाने शक्कल काढली होती. तेव्हा आमचंही गेमचं दुकान होतं. आमच्या प्रत्येक बोर्डावर तो डाव्या-उजव्याची जोडणी कापायचा आणि दोन बारीक तारांनी उलटी करायचा. मशीनमध्येही तशीच उलटी. त्यामुळे आमच्याकडे सगळं सरळ चालायचं. चोराने नेऊन दुसरीकडे लावला की घे, बस आता डोकं खाजवत.

दुकान दादा आणि हर्षद या दोघांचं होतं. हर्षद म्हणजे दादाचा जिवलग, एका ताटात जेवायचे दोघं. दादा किल्ल्या हरवायचा, म्हणून एक किल्ली हर्षदकडे आणि दुसरी आमच्या धाकट्या भावाकडे, बाळाकडे. सकाळी दुकान बाळा उघडायचा. दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर मारामारीचा नवा गेम आणला, पोरांची रांग लागली, आणि एका सकाळी त्या मशीनच्या पोटातून बोर्डच गायब. कुलूप शाबूत.

दादाने भर रस्त्यात बाळाच्या कानाखाली वाजवली. मी ओरडले, बाळा असलं करणार नाही. तर मला म्हणाला, तू गप बस. हर्षद मध्ये पडला, "जाऊ दे रे, पोर आहे, पोलिसात नको देऊस." मी तेव्हा त्याला देवमाणूस म्हटलं. मेल्याला चहा करून दिला मी.

बाळा त्याच दिवशी घर सोडून गेला. आता नालासोपाऱ्यात मोटरी दुरुस्त करतो, बायकामुलं आहेत, बरं चाललंय. पण दादाचं तोंड त्याने पुन्हा पाहिलं नाही. आई गेली तेव्हा स्मशानातसुद्धा हा एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला. भाऊबीजेला बाळा माझ्याकडे सकाळी येतो आणि दादा संध्याकाळी. मी दोनदा ताट करते, दोनदा ओवाळते. वैताग येतो, पण करणार काय?

आमचं दुकान लवकरच बसलं. हर्षदने बोरिवलीला स्वतःचं टाकलं. मशीन जोडायला दादालाच बोलावलं. "तुझी उलटी पद्धतच ठेव रे, चोऱ्या फार होतात," असं तोच म्हणाला, आणि दादा खूश. तिथे तो मारामारीचा गेमही लागला. नवा घेतला, म्हणाला हर्षद. आम्ही म्हटलं, छान.

मुलुंडच्या त्या हॉलमध्ये दादाने बोर्ड बाहेर काढला, पालथा केला आणि कडेवरून अंगठा फिरवला.

"सुगंधा, दोन तारा आहेत का गं? एकमेकींवरून गेलेल्या?"

"आहेत."

"कोणाकडून घेतलास रे?" त्याने यज्ञेशला विचारलं.

"बोरिवलीच्या हर्षद अंकलकडून. त्यांच्या माळ्यावर पडून होता. तुमचा नंबर त्यांनीच दिला. म्हणाले, हे काम राजारामशिवाय कोणाला जमणार नाही, माझा जुना दोस्त आहे."

दादा खाली बसला. मी बॅटरी बंद केली.

"हर्षदचे बाकीचे बोर्ड उलटे करायला माझ्याकडे यायचे," तो हळूच म्हणाला. "हा कधीच आला नाही."

"येईल कशाला? तो आधीच तू केलेला होता. आपल्या दुकानासाठी."

यज्ञेशला काही कळेना, त्याने पाणी आणून दिलं. दादा पाणी प्यायला आणि मला म्हणाला, बॅटरी धर. त्याने त्या दोन तारा काढल्या आणि सरळ जोडल्या. बोर्ड बसवला. गडी डावीकडे म्हटलं की डावीकडे जायला लागला. "झकास, काका!" यज्ञेश म्हणाला. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

खाली येऊन सोसायटीच्या बाकावर बसलो. मी हर्षदच्या सात पिढ्या काढल्या. नंबर देताना त्याला काहीच वाटलं नसेल? विसरला असेल. आमचं घर फोडलं आणि हा विसरून गेला.

"त्याच्या मशीन माझ्या हाताने जोडल्या गं मी," दादा म्हणाला. "माझाच चोरलेला बोर्ड त्याच्याकडे सरळ चालावा म्हणून."

"लावू त्याला फोन? चांगला सोलून काढते."

"त्याला नको. बाळाला लाव."

मी स्पीकर चालू केला. बाळाला वाटलं मीच आहे.

"बाळा," दादा म्हणाला. घरात आम्ही मालवणीच बोलतो, पण इतक्या वर्षांनी ती त्याच्या तोंडातून नीट निघेना. "तो बोर्ड गावलो रे. हर्षदान न्हेल्लो."

पलीकडे पंखा की मोटर काहीतरी घरघरत होतं. ते बंद झालं.

"माका म्हायत होता," बाळा म्हणाला. "आदल्या रातीक पेपरात गुंडाळून न्हेताना बघलंय त्याका. माका वाटला, दुरुस्तीक न्हेता."

"मगे सांगलंस कित्याक नाय माका?"

"तू माका इचारलंस खंय? मी थंयच उभो होतंय, आणि तू हर्षदाक इचारलंस, ह्यान न्हेल्यान काय म्हणान."

दादाने फोन माझ्याकडे सरकवला.

"ताई, ऐकतंस मा?" बाळाचा आवाज अगदी साधा होता. "भाऊबीजेक मी सकाळीच येतलंय. दादाक संध्याकाळी येवक सांग."