माझ्या फोटोखाली माझीच आवड

गदा आधीच बनून आली होती. निकाल मात्र मला अजून लिहायचा होता.

हातभर उंचीची पितळी गदा, वर चांदीचा मुलामा. आमच्या संपादकांनी, म्हणजे आबांनी, ती माझ्या टेबलावर कीबोर्डशेजारी ठेवली आणि दोन पावलं मागं सरकून बघत राहिले.

"मॅडम, कशी हाय?"

"छान आहे. कुणाला द्यायचीय?"

"तुमच्या आवडत्या गेमला. शनिवारी कराडला कार्यक्रम हाय. तुमच्याच हातानं द्यायची."

मी गदा उचलून पाहिली. दांड्यावर नाव कोरलेलं होतं. 'पट काढ'. वर्षातला माझा सगळ्यात आवडता गेम कोणता, हे माझ्याआधी सराफाला कळलं होतं.

आधी माझं काम सांगते, नाहीतर हा काय प्रकार आहे ते कळायचं नाही. मी मूळची सांगलीची. घरी हळदीचा व्यापार. नोकरी साताऱ्यात, पोवई नाक्याजवळच्या एका मराठी न्यूज पोर्टलमध्ये. तिथं मी व्हिडिओ गेमवर लिहिते. पगारी. आमच्या नातेवाइकांना अजूनही वाटतं की मी कॉम्प्युटर दुरुस्त करते, आणि लग्नकार्यात भेटले की आपापले मोबाइल पुढं करतात. मी काही बोलत नाही. बिघडलेला मोबाइल बंद करून चालू केला की निम्म्या वेळा सुरू होतोच.

डिसेंबर आला की आमच्याकडं दोन गोष्टी छापतात. एक, वाचकांच्या मतांवरून ठरलेला गेम. दुसरी 'पर्सनल पिक', म्हणजे लिहिणाऱ्याची स्वतःची आवड. तिला मतदान नाही, मार्क नाहीत. मला आवडला, का आवडला, संपलं. 'माझा गेम' नावाच्या माझ्या सदरात, माझ्या फोटोखाली ती छापली जाते. क्षुल्लक वाटेल. पण मला वाचणारी पोरं विट्याची, तासगावची, कोरेगावची. दोघा भावांत एक मोबाइल आणि तोही फोटोंनी भरलेला. नवा गेम घ्यायचा तर जुना उडवावा लागतो. मी चांगला म्हटला म्हणून ती पोरं आपला खेळता गेम उडवतात. एकदा त्यांना फसवलं की परत कोण विश्वास ठेवील?

आता आबा. पोर्टलचे मालक तेच, संपादक तेच. तरुणपणी कुस्ती केलेली, गुडघे गेल्यावर सोडलेली. आता जत्रेच्या मैदानात पंच म्हणून त्यांना सातारा-सांगलीतल्या गावोगावी बोलावतात. आबांनी हात वर केला की भांडण मिटतं. हरलेला पैलवानसुद्धा त्यांच्या पाया पडून जातो. माणूस मनानं मोठा आहे. हट्टीही तेवढाच आहे.

आणि 'पट काढ' हा कुस्तीचा गेम. पट काढणं म्हणजे वाकून समोरच्याच्या पायांना मिठी घालायची आणि त्याला खाली आणायचं. कराडच्या दोन नव्या इंजिनिअरांनी हा गेम बनवला होता. त्यातला ओंकार आबांच्या मित्राचा मुलगा. आमचं पोर्टल गेमचं मीडिया पार्टनर. साध्या भाषेत, घरचं कार्य.

मी गेम पूर्ण खेळले होते. हलगीचा आवाज अस्सल होता, तो त्यांनी खऱ्या मैदानात जाऊन रेकॉर्ड केला होता. मातीचा रंग, फेटे, माईकवर ओरडणारा निवेदक, सगळं झकास. मग कुस्ती सुरू झाली आणि माझं तोंड उतरलं.

दोन पैलवानांच्या डोक्यावर दोन हिरव्या पट्ट्या. गेमवाले याला हेल्थ बार म्हणतात. मार बसला की पट्टी कमी होते आणि पट्टी संपली की गडी हरला. आणि मार कसला, तर लाथा आणि ठोसे! पट्टी संपली की गडी तोंडावर, पालथा पडायचा आणि हलगी वाजायची: विजयी!

आमच्या भागात चड्डीतलं पोरही सांगेल की पालथा पडलेला गडी हरत नाही. पाठ मातीला लागली पाहिजे, तोंड आभाळाकडं पाहिजे. तोवर कुस्ती चालूच.

कराडच्या पोरांना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी टेम्प्लेट वापरलं होतं. टेम्प्लेट म्हणजे तयार साचा. मारामारीच्या गेमचा साचा बाजारात मिळतो. तो घेऊन त्यांनी माणसांना लंगोट नेसवले, खाली माती टाकली आणि आतली मारामारी तशीच ठेवली. घाई होती. घाई कुणाला नसते? पण मग त्याला कुस्ती म्हणू नये.

मी आबांना सरळ सांगितलं, "आबा, हा माझा आवडता गेम नाही."

"आवं, आपल्या मातीतला हाय."

"माती आपली आहे. कुस्ती आपली नाही."

"मग तुमचा कुठला?"

मी सांगितलं. कुठल्याशा थंड देशातल्या दोन बहिणींनी बनवलेला एक लहानसा गेम. नावाचा अर्थ साधारण 'शेवटची खेप' असा. तुम्ही नावाडी. नदीला पाणी चढतंय. काठावर माणसं उभी. होडीत चौघंच मावतात. कोणाला आधी न्यायचं ते तुम्ही ठरवायचं. स्कोअर नाही, टायमर नाही, शेवटी शाबासकीसुद्धा नाही. मागं राहिलेली माणसं हात हलवत राहतात, एवढंच.

आबा हसले. "आपली कुस्ती सोडून परदेशी होडी व्हय? लोक काय म्हणतील, मॅडम?"

इथं माझा आवाज चढला. ऑफिसमधल्या बाकीच्यांनी हेडफोन काढले, म्हणजे चांगलाच चढला असणार.

"आबा, ती होडी आमच्या गल्लीत आली होती. महापुरात. आई म्हणाली, पोरीला आधी घ्या. शेजारची बाळंतीण बसली, तिची सासू बसली, मी बसले, आई बसली. वडिलांना जागा नव्हती. ते गच्चीवर उभे राहून हात हलवत होते. दुसऱ्या खेपेला आले ते, सुखरूप आले. पण दोन खेपांच्या मधला वेळ मला माहीत आहे. त्या दोघी बहिणींनी कृष्णा नदीचं नावसुद्धा ऐकलं नसेल, पण त्यांना तो वेळ कळलाय. आणि ज्यांच्या गावात वर्षाला मैदान भरतं, त्यांना पाठ आणि पोट यातला फरक दाखवता येत नाही. मग माझी आवड कुठली असणार?"

आबांनी टेबलावरची गदा उगाच सरळ केली. मग म्हणाले, "मी बी आलो हुतो की तवा सांगलीला, ट्रक घिऊन."

"माहीत आहे. आमच्या गल्लीत तुमच्या ट्रकमधल्या भाकरी आल्या होत्या."

"मग? त्येचं काय न्हाई?"

"त्याचं आहेच. म्हणून तर तुमच्याशी भांडतेय. दुसरा कोणी असता तर राजीनामा देऊन बाहेर पडले असते."

मी मोबाइलवर 'पट काढ' सुरू केला, दोन मिनिटांत समोरच्या गड्याची पट्टी संपवली आणि स्क्रीन त्यांच्यापुढं धरली. गडी पालथा पडला होता. हलगी वाजत होती.

"आबा, तुम्ही पंच आहात. निकाल द्या."

त्यांनी चष्मा वर केला. बघितलं. एखादा पंच जसा मातीपर्यंत वाकतो तसे ते खरोखरच वाकले. मग सवयीनं तोंडातून निघून गेलं, "न्हाई. चालू हाय कुस्ती."

मी स्क्रीन तशीच त्यांच्यापुढं धरून ठेवली. त्यांना ते आवडलं नाही.

"त्ये मैदान येगळं आन् ह्ये येगळं. पोरं आपली हायत. पयला गेम हाय त्येंचा. जरा हात लावला तर काय बिघडतंय?"

"मैदानात तुमच्या गावचा पैलवान पालथा पडला तर? त्याला जरा हात लावता?"

"मॅडम, तोंड सांभाळून."

"लावता का ते सांगा."

"न्हाई लावत!" आबा ओरडले. मग खुर्चीवर बसले आणि मालकाच्या आवाजात बोलायला लागले. ऐकायचं नसेल तर 'माझा गेम' बंद. सोमवारपासून मी पाणी-रस्त्याच्या बातम्या करायच्या. शनिवारी मी आले नाही तरी चालेल, पण मजकूर त्यांना 'पट काढ'वरच पाहिजे.

मनातून मी घाबरले होते. हे सदर मी शून्यातून उभं केलेलं. दुसरीकडं मराठीत गेमवर लिहायला मला कोण पगार देणार होतं? पण एकदा शड्डू ठोकल्यावर लंगोट सावरत मागं फिरायचं नसतं. हे आबांच्याच ऑफिसात शिकले होते.

"ठीक आहे," मी म्हटलं. "'पट काढ' छापू. मजकूरही मीच लिहिते, हलगीचं, मातीचं, सगळं चांगलं चांगलं. फक्त वर फोटो तुमचा लावायचा. नाव तुमचं. 'संपादकांचा आवडता गेम'. खाली लिहू, कुस्ती पंच."

"माझा फोटो कशाला?"

"आवड तुमची आहे ना?"

"आवं, मला गेममधलं काय कळतंय?"

"कुस्तीतलं कळतं. लोक तेच बघतील. पुढच्या जत्रेत तुम्ही मातीवर उतराल तेव्हा पोरं मोबाइल वर करून विचारतील, आबा, ह्यो पालथा पडलेला हारला व्हय?"

आबांनी गदेकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग खिडकीतून पोवई नाक्याकडं, जिथं काहीही नवीन घडत नव्हतं. गदा उचलली, कपाटावर ठेवली आणि निघून गेले.

माझ्या नावावर जे आबा बिनदिक्कत छापायला निघाले होते, ते स्वतःच्या नावावर छापायला तयार नव्हते. काय लिहायचं ते मला त्याच दिवशी कळलं. 'शेवटची खेप' हाच माझा वर्षातला गेम, असं मी लिहिलं. वडिलांचं गच्चीवर उभं राहणंही लिहिलं. 'पट काढ'बद्दल वेगळं लिहिलं, हलगीची तारीफ केली आणि कुस्ती नापास केली. एकही शब्द न बदलता दोन्ही छापून आलं. आबांनी वाचलं की नाही, ते बोलले नाहीत.

शनिवारी कराडचा कार्यक्रम झाला. पोरांना फेटे, शाल, नारळ मिळाले. गदा कपाटावरच राहिली. सोमवारपासून मला पाणी-रस्त्याच्या बातम्या मिळाल्या. धमकीतला तेवढा भाग आबांनी पाळला. उन्हाळ्यापर्यंत मी खड्ड्यांचे फोटो काढत हिंडले आणि राहिलेल्या वेळात 'माझा गेम' लिहीत राहिले, कारण ते बंद करा असं परत कोणी म्हटलंच नाही.

ओंकारचा फोन आला होता. भडकलेला होता.

"मॅडम, भायेरच्यांचं कौतुक आन् आपल्या माणसाला नापास? लय वाईट वाटलं."

"वाटणारच. तुझी हलगी खरी आहे ओंकार, म्हणूनच राग आला. वाईट गेमवर मी एवढं लिहीत नाही. ती हिरवी पट्टी काढ आणि मातीला लागलेले दोन खांदे मोज."

"सगळा साचा मोडावा लागंल."

"मोड मग."

त्यानं फोन आपटला. नंतर त्याच्या गेमचं एक अपडेट आलं. हिरवी पट्टी अजून आहे, लाथाही आहेत. पण पालथा पडलेला गडी आता उठतो आणि परत भिडतो. अजून माझा आवडता गेम नाही. पण उठतो, हे बरं झालं.

परवा पुन्हा डिसेंबर लागला. आबा माझ्या टेबलापाशी आले, खुर्ची ओढून बसले आणि उगाच माझा माउस हलवून बघितला.

"मॅडम, यंदा कुठला?"

"अजून ठरला नाही."

"ठरला की सांगा. गदा हाय वर. नाव घासून काढतो म्हणालाय सराफ."

"लगेच नवं कोरू नका म्हणावं."

"न्हाई," आबा म्हणाले. "आता तुमी सांगितल्याबिगर न्हाई."

या धंद्यात मी शिकले ते फार मोठं नाही. तुमची आवड कोणी ठरवून आणून दिली, तर वाद घालत बसू नये. वर फोटो त्यांचाच लावू का, एवढंच विचारावं.