अँटेन्यावर लावलेलं दही

सिंगापुरात, पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी तीन वाजता मला कोणी हाक मारत नसे. त्या वेळी चिपळूणला साडेबारा वाजतात आणि माझी ताई जेवायला बसते. बसते म्हणजे तिला बसवतात. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तिची उजवी बाजू गेली आहे, बोलणंही गेलं आहे. समजतं सगळं. पण दवाखान्यातून घरी आणल्यावर तिनं तोंड उघडायचंच सोडलं. तिची सून चमचा घेऊन बसली की ताई ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघायची. डॉक्टर म्हणाले, गिळता येतंय तरी खात नसतील तर नाकातून नळी घालावी लागेल.

एक दिवस तिच्या सुनेनं कंटाळून मला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन ताईसमोर धरला. मला काय बोलावं सुचलं नाही. रडूही येत नव्हतं. मी म्हटलं, "काय नाटकं लावली आहेत? तोंड उघड." तिनं उघडलं. चमचाभर वरणभात आत गेला. मी म्हटलं, "अजून एक. हा शेवटचा." असे अकरा शेवटचे झाले.

"हा शेवटचा" हे तिचंच. मी लहान असताना आई कायम अंथरुणावर असायची, त्यामुळे मला ताईनं भरवलं. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, पण आवाज हवालदाराचा. शेवटचा म्हणून घास द्यायची आणि पुढचा तयार ठेवायची. ही खोटं बोलते हे मला ठाऊक असायचं. तरी मी तोंड उघडायची.

तर त्या दिवसापासून रोज तीन वाजता फोन. सात महिने एकही दिवस चुकला नाही. मी समोर असले की ताई जेवते, नसले की नाही, असं त्या घरात ठरून गेलं. माझ्याही डोक्यात ते पक्कं बसलं.

मग नातीच्या शाळेला सुट्टी लागली आणि मुलानं कॅम्पर घेऊन मलेशियात फिरायचं काढलं. कॅम्पर म्हणजे आत झोपायची जागा, शेगडी, बेसिन असलेली मोठी गाडी. जोहोरला भाड्यानं मिळते. चार दिवस समुद्र आणि डोंगर. माझ्या सुनेनं तांजोंग पगारच्या ऑफिसातून सुट्टीही घेऊन टाकली होती.

"मी येत नाही," मी म्हटलं. "तीन वाजता मला नेट लागतं."

"अगं, चार दिवस जेवेल ती त्यांच्या हातून," मुलगा म्हणाला.

"आणि नाही जेवली तर? नळी घातली तर तू जाऊन काढणार आहेस?"

नात तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आज्जी मोअर ॲडिक्टेड दॅन मी, ला." तिच्या आईनं डोळे वटारले. मला तिचं म्हणणं खोटं वाटलं नाही.

दोन दिवसांनी मुलगा आंग मो किओहून कामावरून आला तो हसतच. गाडी देणाऱ्या माणसाकडे उपग्रहावरून चालणारं नेटही भाड्यानं मिळत होतं. एक चपटा अँटेना असतो, तो बाहेर ठेवायचा. टॉवर नसला तरी चालतं.

"जंगलात चालेल?"

"वर आभाळ दिसलं की झालं."

"आभाळ कुठे दिसत नाही?"

"तसं नाही आई. मोकळं दिसायला पाहिजे. अँटेना आणि आभाळ यांच्या मध्ये काही यायला नको."

मी हो म्हटलं. मला वाटलं, हा झाडांबद्दल बोलतोय.

अँटेना मी पहिल्यांदा बघितला तेव्हा फसवलं असं वाटलं. पाटाएवढा पांढरा चौकोन, त्याला एक वायर. समुद्रकाठी गाडी लावल्यावर मुलानं तो घडीच्या स्टुलावर आडवा ठेवला, फोनवर काही बघून स्टूल जरा सरकवलं, आणि लागलं नेट. तीन वाजता मी ताईला समुद्र दाखवला. तिनं समुद्राकडे बघत सगळा भात संपवला. माझा नवरा चाळीस वर्षं जहाजावर इंजिनियर होता. समुद्राचं कौतुक आमच्या घरात कुणाला नाही, पण ताईनं तो फारसा बघितलेला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगरात गेलो. फोनचा टॉवर घाटातच संपला. वर थंडी होती, चहाचे मळे होते, आणि गाडी लावायच्या जागेभोवती उंच झाडं होती. मुलानं गाडीच्या मागे मोकळं गवत शोधून तिथे स्टूल मांडलं आणि वायर खिडकीतून आत घेतली. त्या दिवशीही फोन लागला. दही मात्र लागलं नाही.

दह्याशिवाय माझं जेवण होत नाही. घरून विरजण नेलं होतं. सिंगापुरात दूध झाकून ठेवलं की चार तासांत दही, सहा तासांत आंबट. इथे रात्रभर ठेवून सकाळी बघते तर दूधच. सून म्हणाली, "आई, खाली दुकानात दही मिळेल." मी म्हटलं, "साखर घातलेलं मिळेल." विषय संपला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नातीचा टॉवेल वाळत घालायला मी गाडीमागे गेले. तो वाऱ्यानं उडून अँटेन्यावर पडला. उचलताना हात लागला, तर खाली ऊबदार. नुकत्याच उतरवलेल्या भांड्याच्या झाकणासारखं. आत वीज खेळते, त्यामुळे असेल. मी मनात म्हटलं, बरं झालं.

दहाच्या सुमाराला तिघं चहाचा मळा बघायला निघाली. मला चढ जमत नाही.

"तीनच्या आत येतो. पण उशीर झाला तर तुला फोन लावता येईल ना?" मुलानं विचारलं.

"सात महिने कोण लावतंय?"

"नेट चालू ठेवलंय. कशाला हात लावू नकोस."

हात कशाला लावायचा. तिघं गेल्यावर मी दूध कोमट केलं, विरजण ढवळलं, स्टीलचा मोठा डबा भरला, तो टॉवेलात गुंडाळला आणि नेऊन अँटेन्यावर ठेवला. बरोब्बर मावला. मला स्वतःची अक्कल आवडली.

पावणेतीनला मी केस नीट केले, चष्मा पुसला आणि फोन लावला. पडद्यावर गोल फिरायला लागला. फिरतच राहिला. बंद केला, पुन्हा लावला. गोल. फोनच बंद करून चालू केला, मुलगा करतो तसा. गोल. तीन वाजून गेले. सव्वातीन झाले. गाडीतून उतरून मी फोन आभाळाकडे धरला. पुढच्या बाजूला उभी राहून धरला, गाडीमागे जायचं सुचलं नाही. डबा मी विसरूनच गेले होते. आणि आठवला असता तरी दह्याचा आणि नेटचा संबंध मला लागला नसता.

मग गाडीच्या पायरीवर बसले. तिकडे भात निवला असणार. ताई भिंतीकडे बघत असणार. तिची सून चमचा धरून फोनची वाट बघत असणार, आणि फोन येत नाही म्हटल्यावर ताट उचलून नेणार. एका जेवणानं माणूस मरत नाही हे मला कळतं. पण नळीचा विषय एकदा निघालेला होता आणि अशा गोष्टींना निमित्तच लागतं.

नवरा बोटीवर असताना महिना महिना पत्र यायचं नाही. तो जिवंत आहे की नाही हे न कळता मी स्वयंपाक करायची, पोराला मारायची, जेवायची आणि झोपायची. शेजारणी विचारायच्या, जीव टांगणीला लागत नाही का तुमचा? टांगणीला लावायला वेळ कुठे होता. इथे अर्ध्या तासात माझे हात गार पडले. म्हातारी झाले म्हणून नव्हे. तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. आता फोन होता, आणि फोन हातात असला की सगळं आपल्यावरच येऊन पडतं.

साडेतीनच्या पुढे तिघं आली. मळ्यात वाट चुकली होती. माझं तोंड बघून मुलानं स्वतःच्या फोनवर काही तरी बघितलं, म्हणाला, "अडथळा दाखवतंय," आणि वर झाडांकडे बघत गाडीमागे गेला. तिथून हाक आली.

"आई, हे काय ठेवलंयस?"

"दही."

मग तो डबा घेऊन पुढे आला. "यावर? डिरेक्ट यावर?"

"तुझ्या त्या चौकोनाला ऊब आहे. इथे कशालाच नाही."

"आई, मी सांगितलं होतं, मध्ये काही यायला नको."

"मला वाटलं झाडं."

नात पोट धरून खाली बसली. "आज्जीनं सॅटेलाइट ब्लॉक केला!" सून हसू दाबत तोंड फिरवून उभी राहिली. मी म्हटलं, "हसा. आधी फोन लावा."

लागला. पडद्यावर ताई दिसली. तिची सून ओल्या फडक्यानं तिची हनुवटी पुसत होती. ताट बाजूला होतं आणि रिकामं होतं.

"जेवली?" मी विचारलं.

"जेवल्या, मावशी. तुमचा फोन लागेना. पाऊण वाजला. मग मी ओरडले."

"काय ओरडलीस?"

ती खाली बघायला लागली. "तुमचंच. काय नाटकं लावली आहेत म्हटलं. एकोणीस वर्षांत सासूबाईंना असं कधी बोलले नव्हते."

"आणि ही?"

"आधी बघतच राहिल्या माझ्याकडे. मग उघडलं तोंड. शेवटचा, शेवटचा करून सगळं संपवलं."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सात महिने रोज तीन वाजता मी एका बाईला जगवत होते, असं मला वाटत होतं. ते कोणालाही जमण्यासारखं होतं. मी फोन नातीकडे दिला आणि आत जाऊन बसले.

दही मात्र छान लागलं होतं. जेवताना मुलानं दोनदा घेतलं.

परतताना गाडीत मी त्याच गोष्टीचा विचार करत होते. ताईची सून चांगली आहे, पण नेहमी "अहो आई, घ्या ना, थोडंसं घ्या ना" असं म्हणायची. डॉक्टर, शेजारी, नर्स सगळे तसंच. ताई जन्मभर दुसऱ्यांवर ओरडत आली. आजारी पडली आणि सगळे तिच्याशी देवघरात बोलल्यासारखे बोलायला लागले. ती जेवणावर रुसली नव्हती. आपण संपलो, असं तिला वाटलं असणार. मी तिला बोलले म्हणून तिनं तोंड उघडलं. मी होते म्हणून नाही.

हे कळून मला बरं वाटलं असं नाही. पण खरं वाटलं.

घरी आल्यावर मी तिच्या सुनेला फोन केला. "उद्यापासून जेवायच्या वेळी माझा फोन नाही. तूच बोल तिला."

"मावशी, तुम्ही रागावलात?"

"नाही. रोज बोल. चांगलं खडसावून बोल. बाहेरचं कोणी असलं तरी बोल."

"आणि नाही जेवल्या तर?"

"तर मी आहे. पण जेवेल."

जेवते. कधी निम्मं ठेवते, पण नळीचा विषय पुन्हा निघालेला नाही. मी आता साडेतीनला फोन करते, तिकडे एक वाजता, ताट उचलल्यावर. पहिल्या दिवशी काय बोलावं कळेना. सात महिने मी तिच्याशी घासाखेरीज काही बोललेच नव्हते. मी तिला अँटेन्याची गोष्ट सांगितली. तिच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. ताई हसली की आता तेवढंच होतं. मग मी गप्प बसले आणि तीही बसली. फोन चालू होता.

तीन वाजले की अजून माझा हात फोनकडे जातो. साडेतीनपर्यंत काय करायचं हा प्रश्न असतो, म्हणून त्या वेळेला मी दुधाला विरजण लावते.