चिंचेने घासलेला बंब

मोठं घर सोडून दोन खोल्यांत राहायला जायचं ठरलं, तेव्हा न्हाणीघरातला तांब्याचा बंब नेणार कुठे? म्हणून जुन्या वस्तू विकत घेणारा एक जण त्याचा भाव सांगायला आला. तो येणार म्हणून बायकोने आदल्या दिवशी बंब चिंच-मीठ लावून घासला होता. दर दिवाळीच्या आधी ती तो असाच लखलखीत करायची.

ते गृहस्थ मोबाईलचा उजेड बंबाच्या पोटात पाडून डोकावले आणि हळहळले. "घासलात? अहो, काळपटपणालाच तर भाव असतो."

बंबात निखारे कुठून टाकतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. गरम पाणी काढलं की तेवढंच गार वरून ओतायचं, नाहीतर सांध्यांचा डाख वितळून सुटतो आणि बंब गळतो, हा आमच्या घरातला पहिला कायदा. तो यांना सांगून काय उपयोग? यांचं गिऱ्हाईक आत दिवा लावून बंब हॉटेलच्या दारात ठेवणार. धुराने डोळे चोळत ज्यांनी कधी पाणी तापवलं नाही, त्यांना काजळी मात्र अस्सल हवी. वस्तू वापरलेली दिसावी, पण कुणी जपलेली दिसू नये, अशी ही हौस.

"वर्षभर गच्चीत पडू द्या, मग बोलवा," असं सांगून ते गेले.

बायको बंबाच्या तोटीवरून पदर फिरवत म्हणाली, "म्हणजे मी घासायला नको होता का?"

मनातल्या मनात मी त्या माणसाला भरपूर शिव्या घातल्या होत्या. तोंडाने मात्र म्हणालो, "मला आधी विचारायचं तरी."