फुलाबाईनं जपलेले ट्याब

फुलाबाई मूळची किकवीची. हायवेच्या कडंची पोर, दिसभर गाड्या बघत मोठी झालेली. लगीन झालं आन् आली वेल्ह्याच्या वर, डोंगरावरच्या धनगरवस्तीत, जितं सायकल बी येत न्हाई. मानसं म्हनायची, ही काय हितं टिकत न्हाई. पर टिकली. शेरडं राखली, ल्योक वाढवला. त्यो ल्योक अजित कापूरहोळला गाड्या दुरुस्त करायला ग्येला. त्याची बायकू रत्ना तितंच ढाब्यावर भाकरी थापती. दोगं बी दिसभर कामाला, खोली येवढीशी, म्हनून त्यांची पोरगी कोमल ऱ्हायली वर, आजीपाशी. वस्तीत शाळा व्हती म्हनून बरं का, न्हाईतर तवाच नेली आसती.

शाळा म्हंजे एक खोली, चार पोरं आन् शिवानी बाई. फुलाबाई तितं खिचडी शिजवायची. आत कोमल मोठ्यानं वाचायची, हितं ही डाळ ढवळत ऐकायची. तिला त्यात लई समाधान.

पावसाळ्यात ओढा भरला की बाईंना वर येता यायचं न्हाई. मग शाळा बंद. तालुक्याचे सायेब म्हनले, पोरं मूठभर, त्यात निम्मा पावसाळा कुलूप. घाला खालच्या गावच्या शाळंत. शिवानी बाई भांडल्या. म्हनल्या, "ट्याब द्या. मी खालनं शिकवते, पोरं वरनं शिकतील. पावसाळाभर हजेरी लागली तर शाळा ठेवाल ना?" सायेब म्हनले, बघू. आन् ट्याब आले.

बाईंनी ते फुलाबाईच्या वटीत घातल्यागत दिले. "मावशी, शाळेचं छप्पर गळतंय, तुमच्या घरी असू द्या. रोज पोरांना भैरवनाथाच्या देवळात बसवा, तिथं रेंज येते. आणि पाण्यापासनं जपा बरं का."

"पोटच्या पोरावानी जपते बगा."

तसे जपले बी. पोरं देवळात बसायची, बाई काचंत दिसायच्या. "कोमल, पुढचं वाच." फुलाबाईचा मालक ज्ञानोबा शेरडं घिऊन जाता जाता वाकून बघायचा आन् म्हनायचा, "बाईला बरनीत भरल्यावानी दिसतंय की!" पोरं फिदीफिदी हसायची. बाई आतनं म्हनायच्या, "बाबा, ऐकू येतंय मला!"

मग झड लागली. थांबंचना. लाईट ग्येली. भितीला पानी सुटलं, गोधड्यांवर बुरशी आली. फुलाबाईनं ट्याब लोखंडी पेटीत ठिवले, तर पेटीला आतनं घाम. तवा तिनं सासू करायची त्येच केलं. चुलीच्या वर बांबूची ताटी टांगलेली असती. नाचनीचं बियानं, मीठ, काडेपेटी, वलं व्हऊ नये ते समदं तितं. धूर लागतो, ऊब लागती, बियान्याला कीड न्हाई का बुरशी न्हाई. तिनं ट्याब फडक्यात गुंडाळून त्या ताटीवर ठिवले. आन् झड उघडंपत्तुर चूल काय इझू दिली न्हाई.

उघाड पडली तशी तिनं फडकं सोडलं. समद्या ट्याबांच्या पाठी पुरीवानी टम्म फुगल्याल्या. काचा कडंनं सुटल्याल्या. कोमलनं बटन दाबलं, परत दाबलं. काय न्हाई.

ज्ञानोबा म्हनाला, "अगं, बियानं व्हतं व्हय ते? पेरनार व्हतीस का?" कुनी हसलं न्हाई.

शिवानी बाई ढोपराएवढा चिखल तुडवत वर आल्या. एक ट्याब हातात घेतला. "मावशी... चुलीवर?"

"वलं व्हऊ नगं म्हनून. तुमीच म्हनला व्हता."

"हो. मीच म्हटलं होतं. उष्णतेचं सांगायचं राहिलं."

"शिव्या द्या की बाई."

"तुम्हाला कशाला देऊ?"

शिव्या दिल्या आसत्या तर तिला रडू आलं आसतं. पाय मुंग्या येऊन बधिर होतो ना, चिमटा घेतला तरी कळत न्हाई, तसं तिचं समदं आंग झालं.

बाईंनी दुसरे ट्याब मागितले, त्ये काय येळंवर आले न्हाईत. हजेरी बुडली. कागद आला, शाळा बंद. बाकीची पोरं खालच्या गावात पावन्यांकडं ग्येली. कोमलला न्यायला अजित आला. खाली रस्त्यावर गाडी लावून वर चालत आला.

"आये, तितली शाळा मोठी हाय. हिचं बरंच व्हईल."

"व्हईल की."

"तू येतीस का चार दिस?"

"शेरडं कुनी बगायची?"

कोमलनं दप्तर पाठीला लावलं. "आजे, तुज्यामुळं न्हाई गं काय झालं."

फुलाबाई म्हनली, "भात खाऊन घे. वाटंत भूक लागंल." पोरगी जेवली. हिनं तिची येनी घातली, गाठ मारली, आन् गाठ बसली का न्हाई ते बी बघितलं न्हाई. बापलेक उताराला लागले. पोरीनं मागं वळून हात हालवला. ज्ञानोबानं हालवला. फुलाबाईचा हात पदरातच ऱ्हायला.

घरात येऊन तिनं च्या केला. ज्ञानोबानं घोट घेतला आन् तोंड वाकडं केलं. "साखर न्हाई घातली व्हय गं?"

तिचा निम्मा कप पिऊन झाला व्हता. तिनं कपात बघितलं.

"घातली आसंल," म्हनली, आन् उरलेला प्याली.