निम्म्या मजुरीचा आचारी

कोडोलीच्या धोंडुबाईच्या मनात पाल चुकचुकली ती मजुरी ऐकूनच. नव्या घराच्या वास्तुशांतीला तीनशे पानं उठायची होती. बाकीचे आचारी पंधरा हजारांच्या खाली यायला तयार नव्हते, आणि हा गुंडू आचारी साडेसातातच सुपारी घेऊन मोकळा झाला.

"आई, तीस वर्षं सैपाक करतोय त्यो. नाव हाय त्याचं," लेक अमरसिंह म्हणाला.

"नाव हाय, मग दाम का न्हाय? कुठंतरी पाणी मुरतंय. तूप जाणार बघ घरातनं."

म्हणून ती कोठीच्या दारातच पाट टाकून बसली. तूप वाटीनं दिलं, काजू मुठीनं. गड्यांच्या पिशव्यांतही डोकावून झालं. निघाली ती चुन्याची डबी. चोरी सापडेना, तसा तिचा जीव जास्तच घाबरा झाला.

खीर शिजली, आमटी उकळली, पण गुंडूनं थेंब तळहातावर घेतला नाही. देवाआधी चाखत नाही, एवढं तरी बरं, असं तिला वाटलं. तिनं हात जोडून नैवेद्य दाखवला. तरी गुंडू नुसता पातेल्याकडं बघत उभा. बाहेर पाहुणे पानावर बसायला लागले होते.

"आता चाखा की! स्वतःचं शिजवलेलं खात न्हाईसा? काय घातलंयसा त्यात?"

गुंडू तिला चुलवणाच्या आडोशाला घेऊन गेला.

"आक्का, करोनात जिभेची चव गेली, ती परत आली न्हाय. हात चालतोय, चव बायको बघती. आज ती तापानं पडलीया. करोनापास्नं मी निम्माच आचारी उरलोय, पुरी मजुरी कुठल्या तोंडानं मागू?"

"आदी का सांगितलं न्हाईसा?"

"सांगितलं तर निम्मी तरी कोण दील?"

धोंडुबाईच्या ओठांवर शिवी आली होती. पण देव समोर, सोयरे दारात. अळणी पंगत उठली तर गावभर नाव तिचंच निघणार. तिनं पळी उचलली, तळहातावर आमटी घेतली, डोळे मिटले.

"मीठ बरोबर हाय. चिंच कमी पडलीया."

गुंडूनं चिंचेचा कोळ ओतला. तिनं पुन्हा चाखलं.

"आई, वाढायला घेऊ?" अमरसिंह बाहेरून ओरडला.

"थांब रं जरा," धोंडुबाई म्हणाली, आणि खिरीवरचं झाकण तिनं स्वतःच काढलं.