मालकीणबाई ‘उद्या’ म्हणाल्या

ठाण्यापासून कल्याणपर्यंत आज जी चाळिशीच्या आतली माणसं अंथरुणावर शहाण्यासारखी झोपतात, त्यांतल्या निम्म्यांना तरी झोपायला आमच्या आतोबांनी शिकवलं आहे. खोटं वाटत असेल तर कल्याणच्या कोणत्याही आळीत जाऊन विचारा. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. मामलेदार कचेरीत कारकून होते, पण कचेरी हे त्यांच्या लेखी फावल्या वेळचं काम. खरं काम एकच, मूल पाळण्यातून काढून अंथरुणावर निजवणं. त्यांच्या घरचा एक शिसवी पाळणा होता. नात्यागोत्यात मूल जन्मलं की बारशाच्या आत आतोबा तो स्वतः पोचवत, आणि मूल मोठं झालं की स्वतःच परत न्यायला येत. दुसऱ्यांच्या पाळण्यांसाठीही त्यांना बोलावणी येत. हट्टी मुलासाठी ते पार टिटवाळ्यापर्यंत चालत गेलेले आहेत, आणि कचेरीत रजेच्या अर्जावर खरं कारण लिहून गेलेले आहेत.

त्यांचा पहिला नियम असा की मुलाला अहोजाहो करायचं. दारात आले की घरच्या कर्त्या माणसाकडे न बघता ते सरळ पाळण्यापाशी जात, उपरणं सावरून हात जोडत आणि विचारत, “मालक, पाळणा सोडता का?” मुलगी असेल तर “मालकीणबाई.” उत्तर ‘नाही’ आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दरम्यान पाहुणचार त्या घरचा. कोणी घाई केली तर त्यांचं ठरलेलं बोलणं होतं: “अरे, जन्माला घालताना कोणी विचारत नाही, नेताना कोणी विचारणार नाही. मधे एकदा तरी विचारावं की नाही?” गृहिणी मुकाट्याने एक मूठ तांदूळ जास्त वैरीत.

मुलाने होकार दिला तरी अंथरूण आतोबांच्या पसंतीस उतरावं लागे. गादीवर ते आधी स्वतः आडवे होत, दोन्ही कुशींवर वळत, मग डोळे मिटून पडून राहत. आमच्या एका शेजाऱ्याकडे नव्या गादीतून त्यांनी बोटांनी चाचपून सरकीचे तीन दाणे काढून यजमानांच्या तळहातावर ठेवले होते आणि म्हणाले होते, “यावर तुम्ही झोपा.” माणसं ते ओळखत तीही झोपण्यावरूनच. पुढे कोण काय झाला, हे त्यांच्या खिजगणतीत नसे. एकदा बाळकुमच्या रस्त्यावर एक भारदस्त फौजदार शिपायांसह घोड्यावरून येत होते. आतोबांनी छत्री आडवी धरून घोडा थांबवला आणि खणखणीत आवाजात विचारलं, “काय हो, अंगठा सुटला का?” शिपाई आभाळाकडे बघू लागले. फौजदार खाली उतरले, रस्त्यातच पायांवर डोकं ठेवलं आणि हळूच म्हणाले, “सुटला, काका.”

आणि एक वरवंटा होता. रिकामा पाळणा हलवू नये, बाळाचं पोट दुखतं, हे आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण पाळणा एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचा तर तो हलणारच. म्हणून प्रवासात आतोबा त्यात एक वरवंटा निजवत. बारशाला आपण वरवंट्याला बाळ करतोच, पण आपण त्याला लगेच पुन्हा चटणी वाटायला लावतो. आतोबांनी मात्र तो आत्याच्या स्वयंपाकघरातून कायमचा सोडवून आणला होता. त्याला कुंची होती, दुपटं होतं, आणि ऊन लागलं तर छत्रीही त्याच्यावर धरली जाई. आत्या म्हणे, “माझ्या चारही बाळंतपणांत इकडून माझं एवढं कधी पाहणं झालं नाही.”

गंमत अशी की सगळ्या जगाला पाळण्याबाहेर काढणारे हे गृहस्थ स्वतः घरी झोपत ते ओटीवरच्या झोपाळ्यावर. पायाच्या अंगठ्याने भिंतीला एक रेटा द्यायचा आणि तो थांबायच्या आत घोरायला लागायचं, हा तिसांहून जास्त वर्षांचा क्रम. त्याबद्दल कोणी छेडलं तर म्हणत, “मला अजून कोणी विचारलेलं नाही.”

माझी अंबू अडीच वर्षांची झाली तेव्हा तो पाळणा आमच्या ठाण्याच्या घरात होता. त्याच सुमारास आतोबांची मुलगी पहिलटकरीण म्हणून कल्याणला माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. आत्याचा निरोप आला की ज्या पाळण्यात लेक निजली त्यातच नातू निजणार, बाराव्या दिवशी बारसं आहे, पाळणा पाठवा. निरोपाच्या मागोमाग, बाळाच्या सहाव्या दिवशी, आतोबाच आले, बगलेत वरवंटा घेऊन. मला वाटलं, घरचंच कार्य, पहिला नातू, या खेपेला तरी पाळणा लगेच उचलतील. आतोबांनी हात जोडले. “मालकीणबाई, पाळणा सोडता का?”

अंबूने तोंडातलं बोट काढून उत्तर दिलं, “उद्या.”

“उद्या म्हणाल्या,” आतोबांनी मला कळवलं आणि पाय धुवायला गेले.

त्यांची एक पद्धत होती. रोज दिवेलागणीला मुलाची परवानगी घेऊन पाळण्याच्या साखळ्या एकेक कडी खाली घ्यायच्या. मुलाला वाटतं पाळणा तिथेच आहे, आणि जमीन आपली वर येत असते. पाळण्याशेजारी आतोबा आपलं अंथरूण घालून पडत आणि अंबूशी गप्पा मारत. सातव्या दिवशी उद्या. आठव्या दिवशी उद्या. पाळणा वीतभर उंचीवर आला, पण अंबू काही खाली येईना. कल्याणहून रोज माणूस येऊन उभा राही, आणि आतोबा त्याला तोच निरोप देत, “मालकीणबाई उद्या म्हणाल्या.” माझी आई दाराआडून म्हणाली, “भावोजी, वन्संचा जीव तिकडे टांगणीला लागलाय हो. पाळण्यावाचून नातवाचं नाव कसं ठेवायचं?” आतोबा म्हणाले, “वहिनी, एकीचा पाळणा हिसकून दुसऱ्याचं नाव ठेवलं, तर ते नाव काय लाभणार?”

हे मला तेव्हा अति वाटलं. मी घड्याळ लावून चालणारा माणूस. नवव्या दिवशी संध्याकाळी आतोबा देवळात गेलेले पाहून मी झोपलेली अंबू अलगद उचलली आणि गादीवर ठेवली. दोन मिनिटांत काम झालं. एवढ्यासाठी चार दिवस काय घालवायचे, असं मनात म्हणतोय तोच तिने डोळे उघडले. वर पाळणा, खाली आपण, असं तिने पाहिलं आणि जो हंबरडा फोडला, तो ऐकून समोरच्या आळीतून माणसं पाण्याच्या घागरी घेऊन आली. त्यांना वाटलं आग लागली. त्यानंतर ती पाळण्यात दोन्ही हातांनी साखळी धरून उभी राहिली. झोपेने डोळे मिटत, गुडघे वाकत, की दचकून पुन्हा ताठ उभी. आपण झोपलो की हे लोक आपल्याला हलवतात, हे तिला कळलं होतं.

आतोबा आले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “झोपलेल्या माणसाचं घर बदलतात का रे?” आणि तिच्यापुढे जाऊन त्यांनी माझ्या वतीने माफी मागितली. त्या दिवशी कडी उतरली नाही. बारशाला तीन दिवस उरले होते, आणि मी बायकोच्या नजरेला नजर देत नव्हतो.

दहाव्या दिवशी दिवेलागणीला आतोबांनी काहीच विचारलं नाही. अंथरुणावर आडवे झाले, या कुशीवरून त्या कुशीवर झाले, उसासे टाकले. अंबू साखळी धरून बघत होती. शेवटी ते अगदी दीनवाण्या स्वरात म्हणाले, “बाईसाहेब, मला झोप येत नाही. थोपटता का?” अंबूने खूप विचार केला. मग एक पाय बाहेर काढला. जमीन जिथे असावी तिथेच होती. ती उतरली, त्यांच्या उशाशी बसली आणि आपल्या एवढ्याशा हाताने त्यांच्या टकलावर थापट्या मारू लागली. थोपटता थोपटता तिची थाप मंदावली, मान कलली आणि ती तिथेच आडवी झाली. तिच्या उतरण्याने रिकामा पाळणा झुलायला लागला होता, तो आईने धावत जाऊन दोन्ही हातांनी धरला. आतोबा हलले नाहीत. डोळे मिटूनच कुजबुजले, “सकाळी विचारू.”

सकाळी विचारलं. अंबूने पाळण्याकडे पाहिलं, आतोबांकडे पाहिलं. “बाळ कुठेय?” तिने विचारलं. कल्याणला आहे, त्याला निजायला जागा नाही, असं आतोबांनी सांगितलं. मग तिने स्वतः वरवंटा दोन्ही हातांत कसाबसा उचलला आणि पाळण्यात ठेवला. तो होकार. तासाभरात आतोबा कळव्याच्या बाजूला होडीपाशी पोचले. आगगाडी असतानाही पाळणा ते खाडीनेच नेत. होडीवाल्या कोळ्याने पाळणा बघताच हात आडवा केला. “रिकामा पालना होरीन घेनार नाय, भट. पानी त्याला हालवंल.” आतोबांनी दुपटं जरासं बाजूला करून दाखवलं. कोळ्याने आत वाकून पाहिलं, कुंचीतला वरवंटा न्याहाळला आणि गंभीरपणे म्हणाला, “मंग बसा. पन त्याला वारा लागू देव नका.” बाराव्या दिवशी बारसं वेळेवर झालं.

याला पुढे आठ-नऊ वर्षं लोटली. अंबू कल्याणलाच दिली, आतोबांच्या घरापासून चार घरं टाकून. आतोबा फार थकले, आणि दोनदा झोपेत झोपाळ्यावरून खाली पडले. आता पुन्हा पडले तर उठायचे नाहीत, असं वैद्याने आत्याला सांगितलं. आत खोलीत भिंतीशी अंथरूण घातलं. पण आतोबा झोपाळा सोडीनात. मुलाने समजावलं, जावयाने समजावलं. आत्या ओटीच्या कोपऱ्यात बसून जागी राही आणि झोपाळ्याची कडी कुरकुरली की उठून उभी राही. मी गेलो होतो भेटायला. मी म्हटलं, झोपेतच उचलून आत नेऊ. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला नववा दिवस आठवला.

अंबू आली. पदर खोचलेला, अकरा वर्षांची सासुरवाशीण. झोपाळ्यासमोर उभी राहिली आणि तिने हात जोडले. “मालक, झोपाळा सोडता का?”

आतोबांनी डोळे उघडले. “उद्या,” ते म्हणाले.

“बरं, उद्या,” अंबू म्हणाली आणि घरी गेली. तीन दिवस हेच चाललं. रोज तिने विचारावं, रोज त्यांनी उद्या म्हणावं, आणि रोज त्यांचा चेहरा जरा उजळावा. चौथ्या दिवशी दिवेलागणीला ती काही न विचारता आत गेली आणि त्या अंथरुणावर जाऊन पडली. अडीच वर्षांची असतानाचं तिला काही आठवणं शक्यच नव्हतं. आम्हीच ती गोष्ट तिला शंभरदा सांगितली होती. आतून तिने हाक मारली, “आजोबा, मला झोप येत नाही. थोपटता का?”

झोपाळा थांबला. आतोबा भिंतीचा आधार घेत आत गेले, तिच्या उशाशी बसले आणि थोपटू लागले. ती डोळे घट्ट मिटून पडली होती, आणि पापण्यांतून पाणी येत होतं. त्यांची थाप मंदावत गेली. आत्याने त्यांना आडवं केलं तेव्हा ते गाढ झोपले होते. सकाळी उठल्यावर त्यांनी गादी चाचपून पाहिली आणि म्हणाले, “सरकी नाही. ठीक आहे.”

त्याच अंथरुणावर दोन महिन्यांनी, झोपेतच, ते गेले. त्या वेळी मात्र त्यांना कोणी विचारलं नाही. माझं ह्या माणसावर फार प्रेम होतं, आणि ते मी त्यांना कधी सांगितलं नाही, हे आता इथे लिहून ठेवतो.

तेराव्याच्या संध्याकाळी आम्ही सगळे ओटीवर बसलो होतो. खाडीवरून वारा आला आणि रिकामा झोपाळा आपोआप हलायला लागला. आत्या उठली, आत गेली आणि कुंची घातलेला वरवंटा घेऊन आली. तो तिने झोपाळ्यावर मधोमध ठेवला. अंबूने त्याच्यावर पांघरूण घातलं.